पॉडकास्ट ऐकून विज्ञान-गणित शिकायचं तर : आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी

इअरफोन घातले, पॉडकास्ट लावला आणि गादीवर आडवं पडलं, की पाऊण तासाच्या एपिसोडमधल्या दोन-तीन गमतीच्या गोष्टी तेवढ्या लक्षात राहतात. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर तोंडातून निघतं, "ते काहीतरी ब्लॅक होलबद्दल होतं." ऐकायला छान वाटलं म्हणजे समजलं असं होत नाही. तोच एपिसोड पेन्सिल हातात धरून, थांबत थांबत, तीन बैठकांत ऐकला तर पाठ्यपुस्तकातला एखादा अख्खा धडा नव्याने उलगडतो. तो कसा ऐकायचा, ते या लेखात सांगितलं आहे.

कानाला काय जमतं आणि काय नाही

एखादा प्रश्न मुळात का पडला, शास्त्रज्ञ कुठे चुकले, दोन मतांपैकी एक का मागे पडलं, हे ऐकून फार चांगलं कळतं. पाठ्यपुस्तकात एवढी जागा नसते. तिथे थेट नियम येतो, मग सूत्र, मग उदाहरणं. आकृती, सूत्राची सिद्धता, किरणाकृती, रेणूंची रचना हे मात्र कानाने धरता येत नाही. भूमितीतली रचना ऐकून काढायला बसलात तर वेळ फुकट जाईल.

म्हणून धडा बघून ठरवा. दहावीच्या पुस्तकांपुरतं बोलायचं तर 'आनुवंशिकता व उत्क्रांती', 'अवकाश मोहिमा', 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची', 'गुरुत्वाकर्षण' आणि गणितातली 'संभाव्यता' व 'सांख्यिकी' हे धडे पॉडकास्टला मानवतात. 'भिंगे व त्यांचे उपयोग', 'कार्बनी संयुगे', 'भौमितिक रचना' यांच्यासाठी वही, पट्टी आणि फळाच बऱ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. पॉडकास्ट धडा संपल्यावर, उजळणी म्हणून ऐकतात. तो धडा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ऐका. डोक्यात प्रश्न घेऊन वर्गात बसलात की शिक्षकांचं बोलणं वेगळ्याच कानांनी ऐकू येतं. उजळणीला मात्र पॉडकास्ट कुचकामी आहे, कारण परीक्षेत लागणारे नेमके शब्द आणि पायऱ्या त्यात नसतात.

तयारी : ॲप, डेटा, वही

जुन्या लेखांत 'गूगल पॉडकास्ट्स' वापरा असं लिहिलेलं सापडतं. ते ॲप २०२४ मध्ये बंद झालं. अँड्रॉइड फोनवर 'अँटेनापॉड' घ्या. ते फुकट आहे, त्यात खातं उघडावं लागत नाही आणि ते स्वतःच्या जाहिराती दाखवत नाही. आयफोनवर 'ॲपल पॉडकास्ट्स' आधीपासूनच असतं. स्पॉटिफायही चालेल, पण तिथे गाणी शेजारीच असतात आणि बोट तिकडे जातं. यूट्यूबवर ऐकणं शक्यतो टाळा. नुसता आवाज हवा असताना व्हिडिओचा डेटा खर्च होतो आणि एपिसोड संपायच्या आत दुसरंच काहीतरी समोर येतं.

ॲप उघडल्यावर पॉडकास्टचं नाव शोधा, सबस्क्राइब करा आणि सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड फक्त वाय-फायवर होईल असं करून ठेवा. आपोआप डाउनलोड बंदच ठेवा. नाहीतर महिनाभरात न ऐकलेले पन्नास एपिसोड साचतात, फोनची जागा भरते आणि ढीग बघूनच ऐकायचा उत्साह मावळतो. एका वेळी फोनवर दोनच एपिसोड असू द्या.

डेटाचा हिशेब सोपा आहे. बोलण्याचं रेकॉर्डिंग ६४ केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट) असेल तर अर्ध्या तासाला साधारण १४ एमबी लागतात, १२८ केबीपीएसवर असेल तर २९ एमबीच्या आसपास. घरी नेट नसेल तर शाळेत, वाचनालयात किंवा नातेवाइकांकडे आठवड्याचा एक एपिसोड उतरवून घ्या. काही पॉडकास्टच्या संकेतस्थळांवर थेट एमपी३ फाइल मिळते. ती मेमरी कार्डावर टाकली तर बटणांच्या साध्या फोनवरही वाजते.

वही आडवी रेघ असलेली, साधी. पेनाऐवजी पेन्सिल, कारण ऐकताना लिहिलेल्यातलं निम्मं खोडावं लागतं.

काय ऐकायचं

मराठीत विज्ञानाचा ऑडिओ अजून थोडा आहे, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. बीबीसी मराठीचं 'सोपी गोष्ट' काही मिनिटांचं असतं आणि त्यात बातमीतलं विज्ञान अधूनमधून येतं. सुरुवातीला कानाला सवय लावायला ते चांगलं. टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'चाय अँड व्हाय?' या मुंबईतल्या व्याख्यानमालेची रेकॉर्डिंग्ज यूट्यूबवर आहेत. मात्र त्यात वक्ते पडद्याकडे बोट दाखवून बोलतात, त्यामुळे ती नुसती ऐकून भागत नाही.

बाकी बहुतेक इंग्रजीत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एनपीआर या अमेरिकन रेडिओ संस्थेच्या 'शॉर्ट वेव्ह'पासून सुरू करा. दहा-पंधरा मिनिटांचा एपिसोड, एकच विषय, शिवाय संकेतस्थळावर पूर्ण संहिता लिहिलेली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या 'क्राउडसायन्स'मध्ये जगभरच्या श्रोत्यांनी विचारलेला एकेक प्रश्न घेऊन त्याचा माग काढतात. तो साधारण अर्ध्या तासाचा.

सांख्यिकीसाठी बीबीसीच्या 'मोअर ऑर लेस'सारखं दुसरं काही नाही. बातमीत आलेला आकडा घ्यायचा आणि तो कुठून आला, कशाशी तुलना करून सांगितला, खरा आहे का, हे तपासायचं, एवढंच त्यात करतात. 'सांख्यिकी'च्या धड्यात मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला शिकवतात. यांपैकी कोणती सरासरी सांगितली तर चित्र कसं बदलतं, ते इथे कळतं.

गणिताच्या इतिहासासाठी मार्कस दु सॉतॉय यांची 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ मॅथेमॅटिक्स' ही बीबीसीची दहा एपिसोडची मालिका आहे. प्रत्येक एपिसोड पंधरा मिनिटांचा, त्यातला एक हार्डी आणि रामानुजन यांच्यावर. अकरावी-बारावीच्या मुलांनी बीबीसीचा 'इन अवर टाइम' ऐकावा. १९९८ पासूनचा प्रचंड साठा आहे. प्रत्येक वेळी तीन प्राध्यापक एका विषयावर पाऊण तास बोलतात, पार्श्वसंगीत नाही, विनोद नाहीत. केप्लर, मूळ संख्या, शून्य, प्रकाशसंश्लेषण असे आपल्या अभ्यासक्रमाला लागून असलेले विषय त्यात सापडतात. 'क्वांटा' मासिकाचा 'द जॉय ऑफ व्हाय' आजच्या संशोधनाबद्दल असतो. त्याचीही संहिता मिळते. 'रेडिओलॅब' फार गाजलेला आहे, पण त्यात आवाजांवर आवाज चढवलेले असतात. इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेल्याने त्याला पहिल्या सहा महिन्यांत हात लावू नये.

अवकाश मोहिमांच्या धड्याला हर्षा भोगले यांच्या आवाजातली 'मिशन इस्रो' ही मालिका जोडीला घ्या.

ऐकण्याची रीत

पायरी १. ऐकण्यापूर्वी पाठ्यपुस्तकातल्या त्या धड्याचं पहिलं पान आणि शेवटचा स्वाध्याय वाचा. समजलं नाही तरी चालेल. वहीत तीन प्रश्न लिहा. "केप्लरला ग्रहांची कक्षा वर्तुळ नाही हे कशावरून कळलं?" असा नेमका प्रश्न हवा. "केप्लरबद्दल माहिती" हा प्रश्न नव्हे.

पायरी २. पहिलं ऐकणं सलग, काहीही न लिहिता. पाऊण तासाचा एपिसोड असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे तीन दिवसांत. इंग्रजी वेगात वाटलं तर वेग ०.८ करा. ०.७५ च्या खाली गेलात तर शब्द ओढल्यासारखे येतात आणि उलट कमी कळतं. दीडपट वेगाने ऐकून वेळ वाचवायचा मोह बातम्यांपुरता ठेवा, गणिताला तो चालत नाही.

पायरी ३. दुसरं ऐकणं पेन्सिल घेऊन. मागे जाण्याचं बटण १० सेकंदांवर लावून घ्या. संख्या, नाव, 'म्हणजे', 'कारण', 'पण' असा शब्द आला की थांबवा आणि एक ओळ लिहा. पूर्ण वाक्य उतरवत बसू नका. संहिता उपलब्ध असली तरी ती आधी उघडू नका. डोळे पुढे धावतात आणि कान बंद पडतो. अडलेल्या जागेपुरती ती बघा.

पायरी ४. एपिसोडमधला निदान एक आकडा स्वतः काढून बघा. ही पायरी गाळली की सगळंच ऐकीव राहतं, म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

'इन अवर टाइम'मध्ये ऑयलरच्या 'ई' या संख्येवर एक एपिसोड आहे. ही संख्या समजावताना चक्रवाढ व्याजाचं उदाहरण हमखास येतं, कारण याकोब बेर्नुली या गणितज्ञाला १६८३ मध्ये ती तिथेच भेटली. ऐकताना आकडे भराभर निघून जातात आणि आपण मान डोलावतो. इथे थांबवा. चक्रवाढ व्याज आठवीत येऊन गेलेलं असतं. १०० रुपये घ्या, व्याजदर वर्षाला १०० टक्के धरा. व्याज वर्षातून एकदा आकारलं तर २०० रुपये होतात. सहा-सहा महिन्यांनी ५० टक्के आकारलं तर १०० गुणिले १.५ गुणिले १.५, म्हणजे २२५. तिमाही आकारलं तर १.२५ चा चौथा घात, म्हणजे २४४.१४. दरमहा आकारलं तर २६१.३०. रोज आकारलं तर २७१.४६.

आता या रांगेकडे बघा. दोनशेवरून सव्वादोनशेपर्यंत २५ रुपये वाढले. महिन्यावरून दिवसावर आलो तर वाढ फक्त दहा रुपयांची. तासाला आकारा, सेकंदाला आकारा, रक्कम २७१.८३ च्या पुढे जातच नाही. भिंत कुठे आहे ते तुमच्याच वहीत दिसलं. ती भिंत म्हणजेच २.७१८२८ ही संख्या.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. रोजच्या व्याजासाठी १ भागिले ३६५ केलं की ०.००२७३९७ येतं. ते 'जवळजवळ ०.००३' असं लिहून १.००३ चा ३६५ वा घात काढला तर उत्तर २९८ रुपयांच्या वर जातं, म्हणजे भिंतीच्या पलीकडे. मग वाटतं, पॉडकास्टमध्ये चुकीचं सांगितलं. चूक तिथे नसते. एवढीशी गोळाबेरीज ३६५ वेळा स्वतःशी गुणली गेली आणि फुगली. कॅल्क्युलेटरमधला भागाकार न खोडता तसाच पुढे न्या. फोन आडवा धरला की बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये घाताचं बटण दिसतं.

विज्ञानातही हेच करा. केप्लरचा तिसरा नियम (ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो) ऐकलात की मंगळाचे आकडे घ्या. सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या १.५२४ पट, परिभ्रमणकाळ १.८८१ वर्षं. पहिल्याचा घन आणि दुसऱ्याचा वर्ग, दोन्ही ३.५४ येतात. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि दहावीच्या 'गुरुत्वाकर्षण' धड्यातली ती ओळ आता तुमची झाली.

पायरी ५. सुरुवातीचे तीन प्रश्न बघा. ज्याचं उत्तर मिळालं नाही त्याला गोल करा आणि तो प्रश्न शिक्षकांना विचारा.

आठवड्याला एक एपिसोड एवढं पुरे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने तोही बंद ठेवा.

कान कुठे फसतो

गणित बोलून दाखवताना कंस ऐकू येत नाहीत. "एक्स अधिक एकचा वर्ग" म्हणजे आधी बेरीज की आधी वर्ग? एक्सची किंमत ३ असेल तर एका अर्थाने १६ येतात, दुसऱ्याने १०. इंग्रजीतही हीच अडचण आहे. असं वाक्य आलं की दोन्ही अर्थ लिहा आणि पुढच्या वाक्यातल्या संख्येवरून कोणता बरोबर ते ठरवा.

मोठ्या संख्यांमध्ये तर घोटाळा ठरलेला. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी अर्थात १ अब्ज, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. विश्वाचं वय १३.८ बिलियन वर्षं सांगितलं तर वहीत १३८० कोटी लिहा. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन आकडे कायमचे लिहून ठेवा. अमेरिकन पॉडकास्टमध्ये तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. ३२ वजा करून ५/९ ने गुणा : १०४ अंश म्हणजे आपले ४० अंश सेल्सिअस. फोर्टीन आणि फॉर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी हे दर वेळी मागे जाऊन पुन्हा ऐका.

नेहमीच्या वापरातले शब्द विज्ञानात वेगळा अर्थ घेऊन येतात. संशोधनाचा निष्कर्ष 'सिग्निफिकंट' आहे म्हटलं की आपण 'महत्त्वाचा' समजतो. सांख्यिकीत त्याचा अर्थ एवढाच, की निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता कमी आहे. फरक अगदी किरकोळ असूनही तो 'सिग्निफिकंट' असू शकतो.

इंग्रजी जड जातं म्हणून पुष्कळ मुलं हिंदी पॉडकास्टकडे वळतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हिंदी सोपी वाटते, आणि नेमका तिथेच पाय घसरतो. हिंदीत 'भिन्न' म्हणजे अपूर्णांक. हिंदीत 'कोशिका' म्हणजे आपली पेशी, आणि हिंदीतल्या 'मांसपेशी' म्हणजे आपले स्नायू. त्यातून 'कोशिका' ऐकून काही जण 'केशिका' लिहितात, म्हणजे केशवाहिनी. हिंदीतली 'अभाज्य संख्या' ती आपली मूळ संख्या, 'द्रव्यमान' ते वस्तुमान. उत्तरपत्रिकेत हिंदी संज्ञा उतरू नये म्हणून वहीच्या शेवटच्या चार पानांवर तीन रकाने आखा : पॉडकास्टमध्ये ऐकलेला शब्द, पुस्तकातला मराठी शब्द, आणि स्वतःच्या भाषेत एका ओळीत अर्थ. मोमेंटम : संवेग : वस्तुमान गुणिले वेग. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

तारीख बघा

साठा जुना असतो आणि विज्ञान पुढे गेलेलं असतं. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा वृत्तचिती ठोकळा, असं २०१९ च्या आधीच्या एपिसोडमध्ये सांगितलेलं असेल. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ अलगद उतरण्यापूर्वीच्या कुठल्याही एपिसोडमध्ये चंद्रावर असं उतरलेले देश फार तर तीनच असतील. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा फेब्रुवारी २०१६ मधली. त्याआधीचे वक्ते 'सापडतील' असं म्हणतात. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एपिसोडची तारीख लिहा. गणितातल्या सिद्धता मात्र शिळ्या होत नाहीत, तिथे वीस वर्षांपूर्वीचा एपिसोडही निर्धास्त ऐका.

पाहुणा कोण आहे तेही बघा. आपल्याच संशोधनाबद्दल बोलणारा शास्त्रज्ञ, पुस्तक लिहिणारा पत्रकार आणि पूरक आहाराच्या गोळ्यांची जाहिरात घेणारा निवेदक, या तिघांच्या बोलण्याला सारखं वजन देऊ नये.

वर्गात वापरताना, शिक्षकांसाठी

३५ मिनिटांच्या तासाला अख्खा एपिसोड लावला तर दहाव्या मिनिटाला मागचे बाक कुजबुजू लागतात. चार-पाच मिनिटांचा तुकडा पुरतो. कुठून कुठपर्यंत ते आदल्या दिवशी मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. आधी फळ्यावर दोन प्रश्न आणि पाच अवघड शब्द लिहा, तुकडा ऐकवा, शेजारच्याशी पाच मिनिटं बोलू द्या, तोच तुकडा पुन्हा ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना चेहरे बदलतात. स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यावर, बाकाच्या उंचीला ठेवा आणि तेवढा वेळ पंखे बंद करा. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि इंग्रजी व्यंजनं सगळ्यात आधी हरवतात.

कानांचीही काळजी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. व्यवहारात फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. सायकलवर, रूळ किंवा रस्ता ओलांडताना इअरफोन काढून खिशात.

शेवटची पायरी : तुम्हीच बोला

आठवड्याच्या शेवटी वही मिटून तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा, मराठीत, सातवीतल्या धाकट्या भावंडाला सांगतोय असं समजून. हळू आणि स्पष्ट बोललात तर तीन मिनिटांना साडेतीनशेच्या आसपास शब्द लागतात. त्यांचे फक्त मुद्दे लिहा, भाषण लिहू नका. खोलीत गाद्या-गोधड्या असतील ती खोली निवडा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, पंखा बंद.

हाताने आकृती दाखवायची सोय नसल्यामुळे कुठे अडतं ते लगेच कळतं. "म्हणजे ते तसं होतं ना, त्याच्यामुळे" असं वाक्य तोंडातून निघालं की तिथेच समजायचं, ही जागा कच्ची आहे. तेवढ्याच जागेसाठी एपिसोडमधली दोन मिनिटं पुन्हा ऐका, पुस्तकातला परिच्छेद वाचा आणि मेसेज नव्याने रेकॉर्ड करा. पहिला पुसू नका. दोन्ही फाइलींना धड्याचं नाव आणि तारीख द्या आणि महिन्याभराने एकापाठोपाठ एक ऐका.